फोर-के राहू दे, उजेड किती पार होतो ते सांग

दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा डिप्लोमाचा पोरगा तीन डिस्प्ले घेऊन आला. "काका, घरी प्रोजेक्टर करतोय. मागं दिवा, मधे डिस्प्ले, पुढं लेन्स. ह्यातला कुठला बसंल?"

एक ॲमोलेड होता, तो लगेच बाजूला ठेवला. त्याचे ठिपके स्वतःच पेटतात. मागून केवढाही दिवा लावला तरी उपयोग नाही. उरले दोन साडेपाच इंची एलसीडी, एक ७२० ओळी ठिपक्यांचा, एक १०८०चा. पोरानं अर्थातच १०८०वर बोट ठेवलं.

एलसीडी उजेड देत नाही, अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलरायझरची फिल्म असते. प्रकाशलहरी सगळ्या दिशांना थरथरतात. पहिली फिल्म एकाच दिशेची थरथर सोडते. दुसरी तिला काटकोनात, म्हणजे पलीकडं अंधारच हवा. पण मधले द्रव स्फटिकाचे रेणू ती थरथर वळवतात, आणि किती वळवायची ते व्होल्टेज ठरवतं. पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइल हळूहळू फिरवा, एका कोनात बहुतेक मोबाइलचे स्क्रीन काळे पडतात. ते ह्याच फिल्ममुळं.

आता हिशेब मांडा. दिव्याचे १०० भाग निघाले. निम्म्याहून जास्त पहिल्याच फिल्मनं खाल्ले. लाल, हिरवा, निळा फिल्टर आपापला रंग सोडून बाकीचा गिळतो, उरले पंधराएक. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला ट्रान्झिस्टर, तारा आणि काळी चौकट, तीही उजेड अडवतात. पडद्याकडं निघतात जेमतेम पाच-सात. तेवढ्याच काचेत १०८०चे ठिपके ७२०च्या सव्वादोन पट, पण तारा त्या मानानं बारीक होत नाहीत. म्हणून सहसा ७२०मधून उजेड जास्त येतो. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचं 'फोर-के सपोर्ट' (फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके) वाचून भुलू नका. आत कित्येकदा ८०० बाय ४८०चं पॅनेल असतं. फोर-के फाइल घेतो, दाखवत नाही.

गिळलेला उजेड जातो कुठं? उष्णतेत. मी घरी केलेल्या पहिल्या प्रोजेक्टरच्या खोक्यात अर्ध्या तासात चित्राच्या मधोमध काळा डाग उमटला आणि पसरत गेला. पॅनेल गेलं म्हणून कपाळावर हात मारला. थंड झाल्यावर चित्र परत हजर! १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर यांना एका पदार्थाचे दोन वितळणबिंदू दिसले होते: १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ला नितळ. गढूळ अवस्था म्हणजेच द्रव स्फटिक. पॅनेलमधलं मिश्रण याहून बऱ्याच कमी तापमानाला नितळ होतं. रेणूंची रांग मोडते, थरथर वळत नाही, काळं दिसतं. फिल्म मात्र करपली तर परत येत नाही.

यावर उपाय म्हणजे पॅनेलच्या अलीकडं बोटभर अंतरावर, त्याच दिशेनं वेगळा पोलरायझर लावायचा आणि मधून पंख्याचा वारा सोडायचा. मोठा मार तो खातो. ह्याच कारणानं फार छोटं पॅनेल घेऊ नये. कर्ण निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं, आणि तेवढाच उजेड चौपट दाटीनं पडतो.

बाकीचं सोपं आहे. २०० मिलिमीटरची लेन्स, दहा फुटांवर भिंत, चित्र साधारण १४ पट, म्हणजे ७५ इंचांच्या वर. पॅनेलला एचडीएमआय बोर्ड, म्हणजे बाहेरचं चित्र पॅनेलपर्यंत पोचवणारा सर्किट बोर्ड, मिळतो का, ते मात्र आधी बघा.

"आजीला जुनेच पिक्चर आवडतात," पोरगा म्हणाला. मग रेझिन थ्रीडी प्रिंटरचं, म्हणजे उजेडानं रेझिन घट्ट करून वस्तू घडवणाऱ्या यंत्राचं, मोनो (एकरंगी) पॅनेल शोध म्हटलं. रंगाचे फिल्टरच नाहीत, उजेड जवळजवळ तिप्पट, आणि सिनेमा तसाही कृष्णधवल. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी ह्याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तर लेन्सची रिंग उद्यमनगरच्या लेथवर होईलच. ७२०चं पॅनेल खिशात घालून पोरगा तिकडंच गेला.