पोटगी फक्त बायकोलाच मिळते?

‘कायदा बायकांच्या बाजूचा, नवऱ्याला पोटगी कधीच मिळत नाही’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की हक्क असलेला पुरुषही अर्ज करत नाही. हे खरं नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या, म्हणजे 1955 सालच्या कायद्याच्या कलम 24 आणि 25 मध्ये पती किंवा पत्नी, कोणीही पोटगी मागू शकतं. 24 खटला चालू असताना लागू होतं, 25 कायमच्या पोटगीसाठी. नांदेडचंच प्रकरण घ्या. घटस्फोट 2015 ला झालेला, बायको शिक्षिका. उत्पन्नाचं साधन नाही म्हणून नवऱ्याने पोटगी मागितली. न्यायालयाने दरमहा 3,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. पोटगी थकली तेव्हा बायकोच्या पगारातून दरमहा 5,000 कापून कोर्टात भरायला मुख्याध्यापकांना सांगितलं. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे आदेश कायम ठेवले.

अर्थात, धडधाकट आहे पण कामच करायचं नाही, अशा नवऱ्याला न्यायालय दारात उभं करत नाही, आणि तेच योग्य.

तक्रार करायचीच तर ती नेमक्या जागी करावी. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीच्या लग्नात, पोटगी पत्नीलाच आहे. फौजदारी बाजूच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144) मध्येही पतीला जागा नाही. हा फरक मला अन्यायाचा वाटतो. संसदेने तो काढावा. 1988 मध्ये पारशी विवाह कायद्यात तशी दुरुस्ती झालीच होती.