दोन महिने झाले, वही अजून कोरीच? पालकांसाठी आमच्या बालवाडीची माहिती

नमस्कार पालकहो, दरवर्षी ऑगस्टच्या आसपास कोणीतरी आई दप्तरातली वही उघडून दाखवते, मॅडम एक पान पण भरलं नाही, पोरगं नुसतं खेळतं का इथे? काळजी रास्तच आहे, कापसाच्या पैशातून फी भरता तुम्ही, म्हणून नीट सांगतोय.

तीन-साडेतीन वर्षांच्या लेकराच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकदच आलेली नसते, ती आधी आणावी लागते. त्यासाठी कणीक मळायची, शेंगा फोडायच्या, ताटात मूग, मठ, चवळी एकत्र करून दिली की तीन वाट्यांत निवडून ठेवायची. परवा एक पोरगी अर्धा तास मान वर न करता हेच करत बसली होती, मुगाच्या वाटीत एक चवळी दिसली तर चिमटीत धरून म्हणते, "हाऊ आठला नही", म्हणजे हा इथला नाही. सारखं काय, वेगळं काय, हे तिने स्वतः ओळखलं, गणित इथूनच सुरू होतं बरं का.

आणि हो, घरी अहिराणी बोलता तर बिनधास्त बोला. पोरगं "माले भूक लागनी" म्हणालं तर आमच्या ताई त्याला टोकत नाहीत, त्याच भाषेत उत्तर देतात, मराठी हळूहळू गोष्टी-गाण्यांतून येतेच. पहिल्याच दिवशी बोलणं चुकीचं ठरवलं की लेकरू गप्प बसतं, मग महिनोन्महिने तोंड उघडत नाही.

याचा पुढे उपयोग काय, असं आजोबा लोक विचारतात. अमेरिकेत मिशिगन राज्यात 1962 पासून गरीब घरच्या 123 मुलांवर एक अभ्यास झाला, त्यातल्या काहींना बालवाडी मिळाली, काहींना नाही, आणि पुढे वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांची माहिती घेत राहिले. बुद्धीच्या चाचणीतला फरक काही वर्षांत पुसला गेला, पण बालवाडीत गेलेले जास्त शिकले, जास्त कमवायला लागले, पोलीस केसेसही त्यांच्यावर कमी. तिथल्या शिक्षिका दर आठवड्याला मुलांच्या घरी जायच्या, आम्हाला दर आठवड्याला जमत नाही पण महिन्यातून एकदा ताई तुमच्याकडे येतील, चहापाण्याचं काही करू नका, फक्त दहा मिनिटं बसा.

आपल्याकडे तर ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. 2020 च्या शिक्षण धोरणानेही 3 ते 8 वर्षं हा एकच टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. फी जड जात असेल तर गावातल्या अंगणवाडीत टाका, तिथे फी नाही, खाऊ मिळतो, पण घरी बसवून ठेवू नका.

वेळ 9 ते 12, एप्रिलपासून उन्हामुळे 8 ते 11. डब्यात भाकरीचा काला, केळं, शेंगदाण्याचा लाडू काहीही चालेल, बिस्किटाचा पुडा नको. आणि जुने कपडे घाला, मातीत बसणारच आहेत.