टूलबारमधली डार्करूम

फोटो सुधारायच्या फोटोशॉप या सॉफ्टवेअरच्या टूलबारमध्ये काडीवर बसवलेल्या गोल चकतीचं एक चिन्ह आहे. त्यावर माउस दाबून धरला की अर्धवट मिटलेल्या हाताचं दुसरं चिन्ह उघडतं. नव्या विद्यार्थ्याला पहिलं भिंग वाटतं आणि दुसरं फोटो सरकवायचा हात. खरं तर ही डॉज (भाग उजळ करणारं) आणि बर्न (भाग गडद करणारं) ही हत्यारं, आणि ही चित्रं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीच्या हातकामाची आहेत.

डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, एन्लार्जर या निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली फोटोचा कागद ठेवून त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडत. जिथे प्रकाश जास्त वेळ, तो भाग जास्त काळा. समजा, नवरदेवाचा चेहरा फेट्याच्या सावलीत गेलाय. मग तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची छोटी चकती लावायची आणि एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश पाडणं, चालू असताना काही सेकंद ती चेहऱ्यावर धरायची. तेवढा प्रकाश अडला की चेहरा उजळ उतरतो. उलट, पांढरंफटक आलेलं आभाळ गडद करायचं असेल तर बाकीचा कागद हातांनी झाकून मधल्या पोकळीतून आभाळापुरता जादा प्रकाश सोडायचा. चकती एका जागी स्थिर राहिली तर तिची कडा कागदावर उमटायची, म्हणून हात सतत हलता ठेवावा लागे. आज क्लासमध्ये सर सांगतात, ‘ब्रश सॉफ्ट ठेव, एक्स्पोजर दहा टक्क्यांवर आण आणि थोडं थोडं फिरव’. तेच हे.

हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. फोटोशॉप लिहिणारे थॉमस आणि जॉन नोल हे भाऊ अमेरिकेतल्या मिशिगनचे. वडिलांना फोटोग्राफीचा नाद, घराच्या तळघरात डार्करूम. थॉमस प्रिंट काढायला तिथेच शिकला. १९८७ साली तो मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता. हाताशी होता मॅक प्लस, आणि त्याचा पडदा काळा किंवा पांढरा यापलीकडे काही दाखवत नसे. करड्या छटा दिसाव्यात म्हणून थॉमसने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जॉन तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या सिनेमातल्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता. हे विकता येईल, हे त्याच्या लक्षात आलं. आधी बार्नीस्कॅन या स्कॅनरसोबत सुमारे २०० प्रती गेल्या, मग अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीशी करार झाला आणि १९ फेब्रुवारी १९९० रोजी पहिली आवृत्ती निघाली, तीही फक्त मॅकसाठी.

फोटो कॉम्प्युटरमध्ये शिरला होता तो त्याच्या बऱ्याच आधी. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन केला, १७६ बाय १७६ पिक्सेलचा. आजच्या फोनवर तो एखाद्या ॲपच्या आयकॉनएवढा दिसेल.

आता अनशार्प मास्क, म्हणजे फोटोतल्या कडा ठळक करणारा फिल्टर. विद्यार्थी इथे तीनही स्लायडर उजवीकडे ओढून मोकळे होतात. मूळ पद्धत अशी होती: निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी पॉझिटिव्ह फिल्म बनवायची, ती निगेटिव्हला तंतोतंत जुळवून चिकटवायची आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढायची. धूसर प्रतीमुळे मोठमोठ्या भागांमधला उजेड-अंधाराचा फरक कमी होतो, बारीक कडा मात्र शाबूत राहतात. मग कडक ग्रेडचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा, कागद वापरला की त्याच कडा उठून दिसतात. रेडियस म्हणजे ती प्रत किती धूसर, अमाउंट म्हणजे तिचा परिणाम किती. एवढं कळलं की रेडियस वाढवल्यावर माणसाभोवती पांढरी कड का येते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

कर्व्ह्ज म्हणजे रेषा वाकवून फोटोचा उजेड-अंधार बदलायची सोय. तिच्यामागचा विचार आणखी जुना. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडमधल्या दोघांनी १८९० साली फोटोच्या काचेच्या प्लेटवर पडणारा प्रकाश आणि तिच्यावर येणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. खाली हळू, मध्ये चढा, वर पुन्हा हळू, अशी ती रेषा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, वाढवायला आपण कर्व्हला जो एससारखा बाक देतो, तो याच घराण्यातला.

दोन फोटो जोडणं हीसुद्धा कॉम्प्युटरची देणगी नाही. १८५०च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या रंगाला फारच संवेदनशील होत्या, त्यामुळे जमीन नीट आली की आभाळ हमखास जळायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसरीवरून छापले. जोड क्षितिजावर, म्हणजे नजरेला खुपणार नाही अशा जागी. फोनवर एका टिचकीत आभाळ बदलणाऱ्यांचे हे पूर्वज.

मग डार्करूममध्ये नव्हतं असं नवीन काय आलं? माझ्या मते, मागे फिरण्याची सोय. फिल्टर आणि इफेक्ट त्यापुढे किरकोळ आहेत. डार्करूममध्ये चुकलं की कागद वाया. फोटोशॉपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही फार सुख नव्हतं. चिकटवलेला तुकडा मूळ चित्रात मिसळून जायचा आणि अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं, एकदाच. १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, आले, १९९६च्या चौथीत मूळ फोटोला हात न लावता उजेड-रंग बदलणारे ॲडजस्टमेंट लेयर, १९९८च्या पाचवीत अनेक पायऱ्या मागे नेणारी हिस्ट्री. म्हणून शिकताना लेयर आणि मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा) आधी हाताखालून जावेत, फिल्टरची गॅलरी नंतर. बहुतेक क्लासमध्ये नेमकं उलट होतं, कारण फिल्टर लावला की मुलं खूश होतात.

आपल्याकडे फोटोवर हात फिरवण्याची परंपरा दांडगी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या स्टुडिओंत चित्रकार छापील फोटोवर रंग चढवत. संस्थानिकांच्या फोटोंत दागिने, जरीकाठ, गालिचे असे रंगवलेले की खालचा फोटो शोधावा लागतो. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत ‘टचिंग’ असायचं. खालून उजेड येणाऱ्या तिरक्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या भरून काढायच्या. निगेटिव्हवर डाग पारदर्शक दिसतो. तो पेन्सिलने भरला की प्रिंटवर त्वचा एकसारखी येते. २००२ साली फोटोशॉप ७ आलं, त्यात आजूबाजूची त्वचा घेऊन डाग बुजवणारा हीलिंग ब्रश होता, आणि या पेन्सिलीची गरज संपली. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर कित्येक स्टुडिओवाल्यांनी याच आवृत्तीत वर्षानुवर्षं काम केलं. तीत युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या मराठीची जोडाक्षरं तुटायची, म्हणून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट सोबतीला असत.

आज सुरुवात करणाऱ्याला यातलं काही विकत घ्यावं लागत नाही. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, लिहिलेलं गिंप हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर १९९६पासून फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतं. २०११मध्ये आलेलं स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप पुढच्या वर्षी गूगलने घेतलं आणि मोफत केलं. त्यात केलेली पायरी नंतर उघडून बदलता येते. ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्याने लेयर-मास्कची सवय तिथूनच लावून घ्यावी.