पत्रातल्या ओळी कुठून आल्या

इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास नन्नी नावाच्या एका गिऱ्हाइकाने आजच्या इराकमधल्या उर शहरातल्या एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला तक्रारपत्र धाडलं. मातीच्या पाटीवर कोरलेलं ते पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मजकुराचा आशय असा: चांगल्या प्रतीचं तांबं देण्याचा शब्द दिला होतास, पण माझ्या माणसापुढे हलका माल टाकलास आणि घ्यायचा तर घे, नाहीतर चालता हो, असं सुनावलंस. शत्रूच्या मुलखातून वाट काढत आलेली माझी माणसं रिकाम्या हाताने परत गेली. यापुढे एकेक लगड मी माझ्या अंगणात पारखून घेईन.

आवाज चढलेला आहे, पण मांडणी पाहा. काय ठरलं होतं, काय घडलं, त्याने काय नुकसान झालं आणि आता काय हवं. तक्रारपत्राला आजही एवढंच लागतं. म्हणूनच व्यवहाराचं पत्र मुळात औपचारिक आणि जडच असतं, ही समजूत मला पटत नाही. ते जन्मापासून रोखठोक आहे. जडपणा नंतर आला आणि तो बाजारातून आलेला नाही.

नन्नीच्या पत्राची सुरुवात ‘एआ-नासिरला सांग, नन्नी असं म्हणतो’ अशी आहे. पत्र बहुधा मोठ्याने वाचून दाखवलं जाई, तेव्हा ही सूचना खरं तर वाचणाऱ्याला आहे. आपल्या मायन्याचा हा फार जुना पूर्वज. त्याहून जुनी पत्रं आजच्या तुर्कस्तानात, प्राचीन कानेशच्या जागी सापडली. इराकमधल्याच अश्शूर शहराचे व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड लादून तिथे नेत. मागे राहिलेल्या घरच्या बायका कापडाची सिद्धता बघत आणि आलेल्या पैशांचा हिशेब पत्रातून मागत. तिथल्या वीस हजारांहून अधिक पाट्यांत पत्रांचा भरणा मोठा आहे. पत्रावर मातीचंच पाकीट चढवून त्यावर मोहोर उठवलेली असे. ते फोडल्याशिवाय आतलं वाचता येत नसे.

आर्जव आणि अलंकार राजदरबार आणि धर्मपीठांच्या दफ्तरांतून आले. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात पत्रलेखन हे स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकवलं जाऊ लागलं. त्यात पत्राचे पाच भाग पाडले होते: अभिवादन, मर्जी संपादन, हकिकत, मागणी, समारोप. अभिवादनात कोणाचं नाव आधी आणि कोणाला कुठलं विशेषण, हे दर्जा पाहून ठरे. आपण विनंती अजूनही तिसऱ्या परिच्छेदापर्यंत लांबवतो, तेव्हा त्यामागे हीच शिस्त उभी असते. आपल्या बोलण्यातलं ‘पत्रास कारण की’ मला म्हणूनच प्यारं आहे. ते वाचणाऱ्याला ताटकळत ठेवत नाही.

व्यापारी मात्र आपल्या वाटेने चालले होते. इटलीतल्या प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० मध्ये वारला, तेव्हा मागे जवळपास दीड लाख पत्रं राहिली. अशा पत्रांत आरंभीच लिहिलेलं असे, की तुमची अमुक तारखांची पत्रं मिळाली आणि आता त्यांचं उत्तर देतो. टपाल वाटेत गहाळ होई, म्हणून महत्त्वाचं पत्र दोनदा, वेगवेगळ्या मार्गांनी जाई. कुठलं पोचलं आणि कुठलं नाही, ते अशा पहिल्या ओळीवरून समजे. आपण ‘संदर्भ’ लिहून खाली जावक क्रमांक आणि दिनांक टाकतो, तीच ही ओळ.

पुढचा प्रश्न प्रतीचा होता. तोपर्यंत कारकून प्रत्येक पत्र हाताने उतरवून ठेवत. जेम्स वॉटने १७८० मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाब द्यायचा, की शाई त्यावर उलटी उमटे आणि मागच्या बाजूने सुलटी वाचता येई. नंतर टंकलेखन यंत्रं बाजारात स्थिरावली आणि कार्बन कागदाचा उपयोग वाढला. ईमेलमधली ‘सीसी’ ही दोन अक्षरं कार्बन कॉपीचीच आहेत. कागद गेला, अक्षरं राहिली.

जुने ठराविक शब्दप्रयोग मात्र सहज सुटले नाहीत. ‘आपले कृपापत्र पावले’ या थाटाची वाक्यं इंग्रजी व्यापारी पत्रांत एकोणिसाव्या शतकभर होती. विसाव्या शतकातल्या मार्गदर्शकांनी त्यांच्यावर हत्यार उचललं. ब्रिटनच्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून सरकारी नोकरांसाठी सोप्या लेखनाची एक पुस्तिका लिहवून घेतली, ती १९४८ मध्ये निघाली. अमेरिकेत २०१० मध्ये कायदाच झाला, की सरकारी खात्यांनी लोकांना समजेल अशा भाषेत लिहावं.

त्याच काळात आपल्या इनबॉक्समध्ये पत्राचा एक भाग सगळ्यात वर येऊन बसला: विषय. पूर्वी तो मायन्याच्या आसपास कुठेतरी असे. आता पत्र उघडायचं की नाही, हेच त्या एका ओळीवरून ठरतं. ‘माहितीसाठी’ एवढंच लिहिलेलं पत्र पडून राहतं. ‘१२ तारखेच्या मालातली तूट: बदली माल हवा’ असं लिहिलं, तर ते लगेच योग्य टेबलावर जातं.