डोलत्या जहाजावरून धरलेला नेम

समुद्रात जहाज कधीच स्वस्थ उभं राहत नाही. एका कुशीवर कलतं, सावरतं, दुसऱ्या कुशीवर जातं. आणि त्याच्यासोबत तोफही डोलते. पूर्वी गोलंदाज लक्ष्य नेमाच्या रेषेत यायची वाट बघायचा आणि आलं की बार काढायचा. पण डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत पाव सेकंद गेलेला असतो. जहाज सेकंदाला ४ अंश कलत असेल, तर तेवढ्यात तोफेचं तोंड १ अंशानं ढळतं. दीड किलोमीटरवर हा १ अंश म्हणजे २६ मीटर! गोळा एक तर डोक्यावरून जाणार, नाहीतर अलीकडेच पाण्यात पडणार.

ब्रिटिश आरमारात हे कोडं पर्सी स्कॉट या कप्तानानं सोडवलं. १८९८ साली 'सिला' या क्रूझरवर, म्हणजे वेगवान युद्धनौकेवर, त्याला एक गोलंदाज वेगळा दिसला. जहाज डोलेल तसं तो तोफेचं तोंड वरखाली करणारं चाक उलटसुलट फिरवत होता, म्हणजे नेम लक्ष्यावरून हलूच देत नव्हता. स्कॉटनं हीच हातोटी सगळ्यांना शिकवली. तोफेसमोर वरखाली सरकणारं चिमुकलं लक्ष्य ठेवायचं. कळ दाबली की पेन्सिल कागदावर ठिपका उमटवणार. दारूगोळ्याचा खर्च नाही आणि चूक जागच्या जागी दिसते. केवढी साधी युक्ती! १८९९ मध्ये 'सिला'च्या ७० पैकी ५६ गोळ्यांनी लक्ष्य गाठलं.

त्याच वर्षी स्कॉटकडे 'टेरिबल' आलं. १८९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला पाण्यात उतरलेलं हे १४,००० टनांचं, चार धुराड्यांचं आणि ४८ बॉयलरचं जहाज २२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४१ किलोमीटर वेगानं जाई. चीनकडे निघालेलं हे जहाज वाटेत दक्षिण आफ्रिकेत थांबलं, ते ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यातलं युद्ध नुकतंच पेटलेलं असताना. लष्कराकडे लांब पल्ल्याच्या तोफा कमी होत्या. स्कॉटनं जाडजूड लाकडी तुळयांचे चौथरे आणि गाडे घाईनं करवून घेतले आणि नौदलाच्या तोफा जमिनीवर उतरवल्या. त्यांतल्या काही लेडीस्मिथ या गावाला बोअरांचा वेढा पडण्याच्या ऐन वेळी तिथं पोचल्या.

पुढे चीनच्या समुद्रात 'टेरिबल'वर ठिपक्यांचा सराव चालूच राहिला. १९०५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, 'रिनाउन'वरून मुंबईत उतरले, तेव्हा सोबतीला हेच जहाज होतं. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला त्यांनी त्याच मुक्कामात बसवली. पहिल्या महायुद्धात 'टेरिबल'नं सैनिकांची ने-आण केली आणि १९३२ साली ते भंगारात गेलं.