वाए रेबो

वाए रेबो : इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरचे मांगाराई लोकांचे डोंगरी खेडे. पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या मांगाराई जिल्ह्यात, सातार मेसे बारात तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर ते वसले आहे. चारी बाजूंना दाट जंगल, मध्ये हिरवी सपाटी आणि तिच्यावर अर्धवर्तुळात उभी असलेली शंकूच्या आकाराची सात घरे, एवढाच या गावाचा विस्तार. गावापर्यंत मोटार जात नाही. मांगाराई भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी किंवा झरा. या भागातल्या कितीतरी गावांची आणि ओढ्यांची नावे याच शब्दाने सुरू होतात.

घराला ‘म्बारू नियांग’ म्हणतात. उंची साधारण १५ मीटर. भिंत अशी नाहीच. शाकारलेले छप्पर आढ्यापासून थेट जमिनीपाशी उतरते. सांगाडा लाकडाचा आणि बांबूचा, सगळे सांधे वेताने बांधलेले, खिळा कुठेही नाही. आत एकावर एक पाच मजले असतात. सर्वांत खालच्या ‘लुतुर’वर माणसे राहतात. त्याच्यावरच्या ‘लोबो’त धान्य आणि सामानसुमान, तिसऱ्या ‘लेंतार’मध्ये पुढच्या पेरणीचे बियाणे, चौथ्या ‘लेम्पा राए’त दुष्काळासाठी राखलेला साठा, आणि अगदी टोकाच्या ‘हेकांग कोदे’मध्ये पूर्वजांचा नैवेद्य. चूल घराच्या मधोमध असते आणि तिचा धूर मुद्दाम बाहेर काढलेला नसतो. तोच वर चढत बियाण्याची कीड आवरतो, लाकूड आणि शाकारणी टिकवतो. एका घरात अनेक कुटुंबे नांदतात. मुख्य घरात आठ, बाकीच्या घरांत सहा अशी वाटणी सांगितली जाते. मुख्य घरात गावाचे पवित्र ढोल टांगलेले असतात, म्हणून ते ढोलाचे घर, ‘नियांग गेंदांग’. त्याच्यासमोरच्या अंगणात ‘चोम्पांग’ नावाचा दगडी गोल चौथरा आहे. पूर्वजांचे स्थान म्हणून त्याच्यावर चढायचे नसते.

गावाचा मूळ पुरुष एम्पो मारो. तो सुमात्रातल्या मिनांगकाबाउ मुलखातून निघाला, जागोजागी मुक्काम हलवत अखेर इथे स्थिरावला, असे गावकरी सांगतात. या भटकंतीत ऊदमांजराने त्याला मदत केली, म्हणून त्याचे वंशज ऊदमांजराचे मांस खात नाहीत. आज बहुतेक गावकरी कॅथलिक आहेत, आणि पूर्वजांचे विधीही तितक्याच निष्ठेने चालतात.

वाए रेबो हे खरे तर दोन जागी मिळून एक गाव आहे. त्याची दुसरी जागा खाली सखल भागात, कोम्बो येथे. डोंगरातल्या लोकांनी खाली उतरावे, रस्ता आणि शाळेजवळ राहावे, हे सरकारी धोरण अनेक दशके चालले. त्याआधी डच अमलातही मांगाराईतली मोठी गोल घरे अस्वच्छ ठरवून मोडायला लावली गेली होती. मुले शाळेसाठी कोम्बोत राहतात, आईवडील शेतीच्या हंगामाप्रमाणे वर-खाली करतात, आणि दोन्हीकडे चूल असलेली कुटुंबे थोडी नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ कॅथरिन अलर्टन यांनी १९९० च्या दशकात इथे राहून या दुहेरी वस्तीचा अभ्यास केला. वरच्या गावाला ‘जिवंत संग्रहालय’ समजून येणाऱ्याला कोम्बो दिसत नाही आणि म्हणून वाए रेबोही नीट कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या स्थलांतराच्या काळात सातांपैकी चारच घरे उरली आणि त्यांतलीही काही मोडकळीस आली. २००८ साली जकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतार आपल्या सहकाऱ्यांसह तेथे पोहोचले. पुढच्या घडामोडींत त्यांनी घेतलेली भूमिका मोलाची ठरली. त्यांनी आराखडा काढून दिला नाही. घर बांधणे ज्यांना आठवत होते त्या वडीलधाऱ्यांनी तरुणांना हाताशी धरून शिकवायचे, बाहेरच्यांनी देणग्या जमवायच्या आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक टप्पा नोंदवून ठेवायचा, अशी वाटणी झाली. लाकूड जंगलातून आले, श्रम गावाचे. अशा रीतीने सातही घरे पुन्हा उभी राहिली. २०१२ मध्ये या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कारांपैकी सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि २०१३ मध्ये ते आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत होते. वाए रेबो ‘जागतिक वारसा स्थळ’ आहे असे पर्यटनाच्या जाहिरातींत सर्रास छापले जाते. ते चूक आहे. मिळालेला सन्मान घरे वाचवणाऱ्या कामाचा आहे.

तेथे जाण्यासाठी लाबुआन बाजोचा विमानतळ सोयीचा. तिथून किंवा रुतेंग शहरातून किनाऱ्यावरच्या दिन्तोरमार्गे देंगे गावाला यायचे. पुढे वाए लोम्बा ओढ्यापर्यंत मोटारसायकलवाले सोडतात आणि तिथून जंगलातली चढण पायी. चालायची सवय असेल तर दोन तास, नसेल तर तीन. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत वाट निसरडी आणि जळवा भरपूर. गाव दिसू लागते त्या टेकाडावर एक छोटा निवारा आहे. तिथला बांबूचा ठोकळा वाजवून पाहुणे आल्याची वर्दी द्यायची. गावात शिरल्यावर आधी ढोलाच्या घरात जायचे. तेथे वडीलधारे ‘पाउ वाए लुउ’ हा विधी करतात, पूर्वजांना पाहुण्यांची ओळख करून देतात आणि त्यांच्या रक्षणाची विनंती करतात. तो होईपर्यंत कॅमेरा पिशवीतच ठेवावा. रात्रीचा मुक्काम पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नियांगमध्ये, वर्तुळात अंथरलेल्या चटयांवर. जेवण, विधी आणि निवास मिळून ठरावीक दर घेतला जातो (काही वर्षांपूर्वी तो माणशी सव्वातीन लाख रुपियाच्या आसपास होता), आणि पाहुण्यांचा कारभार गावाच्या सामाईक व्यवस्थेतून चालतो. हीच या गावाची पर्यटनातली मोठी कमाई. एखाद्या घराने पाहुणा पळवला आणि दुसरे घर उपाशी राहिले, असे होत नाही. भारतीय पारपत्रावर इंडोनेशियात ३० दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो. शाकाहारी माणसाने आधी कळवले तर भात, भाजी आणि अंडे यांवर निभावते.

पाहुणा म्हणून येण्यापलीकडे इथे पैसा गुंतवायचा झाला, तर विचार जमिनीपासूनच सुरू करावा लागतो. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क, म्हणजे ‘हाक मिलिक’, परदेशी व्यक्तीला मिळत नाही. परकीय भांडवलाची कंपनी काढल्यास ठरावीक मुदतीचा बांधकाम-हक्क घेता येतो, पण त्यासाठी जमीन आणि इमारती सोडून १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन आत आपण राहण्याची पळवाट बालीत पुष्कळांनी वापरली. कायद्यापुढे ती टिकत नाही.

याहूनही जुना नियम मांगाराईचा आहे : ‘गेंदांग ओने, लिंको पेआंग’, आत ढोलाचे घर, बाहेर सामाईक शेत. ‘लिंको’ म्हणजे गावकीची जमीन. ‘तुआ तेनो’ नावाचा मानकरी मधल्या खुंटीपासून बाहेर जाणाऱ्या रेषा आखून ती घराघरांना वाटून देतो. चांचार येथील भातखाचरे उंचावरून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात ती या वाटपामुळेच. नोव्हेंबरात होणाऱ्या ‘पेंती’ या वार्षिक सणात झरा, शेत आणि ढोलाचे घर अशा तिन्ही ठिकाणी विधी होतात, कोम्बोची मंडळीही वर येतात, आणि चाबूक-ढालीचा ‘चाची’ खेळ रंगतो. जमिनीचा कागद आणि घरातला ढोल हे इथे वेगळे काढता येत नाहीत. २०१७ मध्ये सरकारने फ्लोरेसला भू-औष्णिक ऊर्जेचे बेट घोषित केले. त्यानंतर याच जिल्ह्यातल्या पोचो लेओक परिसरात उलुम्बू या भू-औष्णिक वीजप्रकल्पाच्या विस्ताराला गावकऱ्यांनी लिंको जमिनीच्या प्रश्नावरून कडवा विरोध केला. तो विजेला विरोध नव्हता. ज्याला हे उमगत नाही त्याने मांगाराईत पैसा घालू नये.

वर, सात घरांच्या सपाटीवर, आठवे घर, हॉटेल किंवा रोपवे यांना जागा नाही, आणि ती नसावी. काम करण्याजोगे आहे ते खालच्या पट्ट्यात : देंगे आणि दिन्तोरमधली घरगुती मुक्कामाची सोय, वाटाड्यांचे प्रशिक्षण, पायवाटेची देखभाल, बायका विणतात त्या कापडाला योग्य भाव. २०१४ च्या ग्राम कायद्याने खेड्याला स्वतःचा उद्योग काढण्याची मुभा आणि दरवर्षी थेट निधी दिला आहे. बाहेरच्याने अशा ग्राम-उद्योगाशी करार करणे हा सरळ मार्ग.

आणि कॉफी. पर्यटक येण्याच्या कितीतरी आधीपासून वाए रेबो कॉफीवर जगत आले आहे. डोंगरउतारावरच्या बागांतून फळ तोडून आणायचे, कुटून साल काढायची, घरांपुढच्या अंगणात चटईवर वाळत घालायचे, हे सारे काम घरच्या घरी चालते. कच्चा दाणा विकण्याऐवजी प्रतवारी करून, भाजून विकला तर त्याच दाण्याचे मोल वाढते. कोरडे ठेवणारे कोठार, साल काढण्याचे छोटे यंत्र, वर्षभराचा ठरलेला खरेदीदार, एवढ्या गोष्टी इथल्या कुटुंबांना कुठल्याही रिसॉर्टपेक्षा अधिक देतील. इतक्या उंचीवर गावाचे भाताचे खाचर नाही, तांदूळ खालूनच येतो. कॉफीची पोती पाठीवर घेऊन उतरलेला माणूस परतताना त्याच वाटेने तांदूळ वर नेतो.