पीएम विश्वकर्मा: अर्ज कुणाच्या नावाने करायचा, कागद कोणते आणि पैसे कशाकशाचे

कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘ते पंधरा हजार कधी मिळतात?’ रोख म्हणाल तर कधीच नाही. ती १५,००० रुपयांपर्यंतची मदत ई-रुपी व्हाउचरच्या, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच वापरता येणाऱ्या डिजिटल कुपनाच्या रूपात येते. त्यातून फक्त अवजारं घेता येतात, आणि तीही नोंदणी, पडताळणी आणि प्रशिक्षणाच्या सुरुवातीची कौशल्य चाचणी पार पडल्यावर.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, ही योजना सुरू केली. मुदत २०२७-२८ पर्यंत आहे आणि तरतूद १३,००० कोटींची. हाताने आणि अवजारांनी काम करणारे, असंघटित क्षेत्रातले, स्वतःचा धंदा असलेले कारागीर यात येतात. धंदे ठरलेले आहेत, एकूण १८: सुतार, नावा बांधणारे, शस्त्र बनवणारे, लोहार, हातोडा व अवजारं बनवणारे, कुलपं बनवणारे, सोनार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, चांभार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू व काथ्याचं काम करणारे, बाहुल्या-खेळणी बनवणारे, न्हावी, हार-गजरे करणारे, धोबी, शिंपी आणि मासेमारीची जाळी विणणारे. धंद्यांची नावं जातींच्या नावांसारखी वाटली तरी अट कामाची आहे, जातीची नाही. गवंडीकाम करणारा कुठल्याही समाजाचा असो, तो पात्र आहे.

वय किमान १८ हवं आणि नोंदणीच्या वेळी तो धंदा खरोखर चालू हवा. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज करता येत नाही. मागच्या पाच वर्षांत स्वयंरोजगारासाठी पीएमईजीपीसारख्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सरकारी योजनेतून कर्ज घेतलं असेल तरी अडतं. मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीचं कर्ज) आणि स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीचं कर्ज) यांना मात्र सवलत आहे: कर्ज पूर्ण फेडलं असेल तर चालतं.

खरी विचार करायची अट वेगळीच आहे. एका कुटुंबातून एकच अर्ज, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. बुरुडाच्या घरी नवरा बांबू चिरतो आणि बायको सूप विणते. यातला कारागीर कोण? बहुतेक घरांत फारसा विचार न करता पुरुषाचं नाव लागतं. प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारं, कर्ज सगळं त्या एकाच नावावर येणार आहे. म्हणून प्रशिक्षणाला जो बसू शकेल आणि हप्ता जो सांभाळेल, त्याच्या किंवा तिच्या नावाने अर्ज करा, असं माझं मत. नाव एकदा ठरलं की पुढचं सोपं आहे.

कागद थोडेच लागतात: आधार कार्ड, मोबाइल क्रमांक, बँक पासबुक आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं न्यावीत. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सामायिक सेवा केंद्रावर होते. तिथे आधारची बायोमेट्रिक ओळख पटवावी लागते, त्यामुळे ज्याचा अर्ज त्यानेच जायचं. मुलाला कागद देऊन पाठवून भागत नाही. नोंदणी मोफत आहे. अर्जात कर्ज हवं का, हेही विचारतात. केंद्रचालकाने आपल्या मनाने खूण करण्याआधी तुम्हीच सांगा.

पुढे तीन पायऱ्या. आधी ग्रामपंचायत (शहरात नगरपालिका किंवा महापालिका) पडताळणी करते, मग जिल्हा समिती शिफारस करते आणि शेवटी छाननी समिती मंजुरी देते. अर्ज रखडलेला वाटला तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, ४० तासांचं असतं. पुढचं १२० तासांचं प्रशिक्षण ज्याला हवं त्याने घ्यावं. दोन्हींत दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून गवंड्याला ते कमी वाटेल, पण प्रशिक्षण टाळलं तर कर्जाचा रस्ता बंद होतो.

कर्ज विनातारण आहे. पहिला टप्पा १ लाखापर्यंत, फेड १८ महिन्यांत. तो नीट फेडला की दुसरा २ लाखांपर्यंत, फेड ३० महिन्यांत. दुसऱ्या टप्प्यासाठी डिजिटल व्यवहार सुरू केलेले असावेत किंवा पुढचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. कारागिराला व्याज ५ टक्के पडतं आणि ८ टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलतं. डिजिटल व्यवहारावर प्रत्येकी १ रुपया, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, असंही प्रोत्साहन आहे.

व्याज स्वस्त असलं तरी हप्ता दरमहा असतो. एक लाखाला तो पावणेसहा हजारांच्या आसपास जातो. कुंभाराचे माठ उन्हाळ्यात खपतात आणि पणत्या दिवाळीत. मधल्या महिन्यांत एवढी रक्कम कुठून काढायची, याचा हिशेब बँकेत जाण्याआधी घरी मांडावा. एक लाख ही कमाल मर्यादा आहे, तेवढंच उचललं पाहिजे असं नाही.

हातमागावरचे विणकर आणि वारली चित्रकार या १८ धंद्यांत नाहीत. विणकरांसाठी हातमाग विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. हस्तकलेच्या कारागिरांना विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडून ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं, आणि त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.